संकर प्रतिजीवाणू संयुगे

औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंसाठी दोन औषधी रेणूंचे कामाचे भाग रासायनिक बंधाने जोडून घडवलेली संयुगे. दोन औषधे वेगवेगळी दिली, तर शरीरात त्यांच्या वाटा आणि वेग निराळे राहतात. संकर रेणूत दोन्ही भाग एकदमच पोचतात. जीवाणूने एक वार चुकवला तरी दुसरा लागावा, हा त्यामागचा हेतू.

मराठवाड्यातले ठळक उदाहरण नॅफिथ्रोमायसिनचे. वॉकहार्टच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रातून आलेले हे न्यूमोनियावरील औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्रा रोज एकदा, तीनच दिवस. याच कुळातले जुने औषध एरिथ्रोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. प्रतिरोधी जीवाणू नेमक्या त्या जागी मिथिल गट बसवतात आणि औषधाची पकड सुटते. नव्या रेणूत क्लॅडिनोज ही साखर काढून तिथे कीटोन गट आणला आहे. शिवाय पिरिडीन आणि थायाडायझोल ही वलये असलेली बाजूची साखळी रायबोसोमवर आणखी एक जागा धरते. काटेकोर पाहता हा दोन स्वतंत्र औषधांचा जोड नव्हे, पण दुहेरी पकडीचे तत्त्व तेच.

देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही अशा रेणूची सुरुवात करता येते. क्विनोलीन, पायराझोल, थायाझोल यांसारखी वलये जोडायची आणि मिश्रणाचा थेंब टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) पट्टीवर टेकवायचा. आयोडीनच्या बरणीत पट्टीवर तपकिरी ठिपके उमटतात. मूळ द्रव्याचा ठिपका दिसेनासा झाला की अभिक्रिया पूर्ण झाली असे धरतात. मग मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतायचे, खाली बसलेला साका गाळायचा, इथेनॉलमधून स्फटिक मिळवायचे. इथवरची साधने साधीच.

पुढची परीक्षा अगारच्या थाळीवर होते. संयुगाभोवती जीवाणू न वाढलेले स्वच्छ कडे मिलिमीटरमध्ये मोजतात. या कड्यावर फार विसंबू नये: मोठा रेणू अगारमध्ये हळू पसरतो, त्यामुळे प्रभावी संयुगाचे कडेही लहान दिसू शकते. जीवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा मोजणे अधिक भरवशाचे. मानवी पेशींना ते संयुग किती विषारी आहे, हेही त्याच टप्प्यावर पाहायला हवे.

वजन हीच संकर रेणूंची मोठी अडचण. दोन भाग जोडल्यावर रेणू जड होतो, विरघळेनासा होतो, जीवाणूच्या आवरणातून आत शिरत नाही. क्विनोलोन आणि ऑक्झाझोलिडिनोन यांचा संकर असलेले कॅडाझोलिड तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांपर्यंत पोचूनही बाजारात आले नाही. सेफिडेरोकॉल या प्रतिजैविकाने मात्र आवरणाची अडचण ओलांडली. त्यातला कॅटेकोल भाग लोह पकडतो, आणि लोहाच्या भुकेने जीवाणू स्वतःच औषध आत ओढून घेतो. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली.