निशिगंधाचा उशिराचा बहर : दिवाळीपर्यंत फुले, पुढच्या वर्षासाठी कंद

नाशिक जिल्ह्यात अनेक घरांच्या अंगणात निशिगंधाची म्हणजेच गुलछडीची एखादी ओळ असते. श्रावणापासून दांडे येऊ लागतात, गणपतीत भरपूर फुले मिळतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवटचे दांडे निघतात. नेमक्या याच काळात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि कांद्याची रोपे यांत घरातील सर्वजण गुंतलेले असतात, त्यामुळे परसबागेकडे लक्ष राहत नाही. पुढे एक तक्रार हमखास ऐकू येते : दोन वर्षे चांगला फुलला, तिसऱ्या वर्षी नुसती पातच आली. बहुतेक वेळा याचे कारण बेण्यात नसते, तर शेवटच्या बहरात आणि त्यानंतर झालेल्या दुर्लक्षात असते.

एका कंदाला एकदाच फूल

निशिगंध हे मूळचे मेक्सिकोतील कंदवर्गीय झाड आहे. ज्या कंदातून फुलदांडा निघतो, तो कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्याभोवती लहान-मोठी पिल्ले तयार होतात आणि पुढील दांडे त्या पिल्लांमधून येतात. पिल्लू साधारण 2.5 सें.मी. जाडीचे झाले की त्याची फुलण्याची खात्री वाढते. फारच लहान पिल्लू पहिल्या हंगामात बहुधा फक्त पाने देते.

पिल्लांना जाडी येते ती पानांनी तयार केलेल्या अन्नावर. म्हणून शेवटचा दांडा काढल्यानंतर हिरवी असलेली पात म्हणजे पुढच्या वर्षीचा बहर समजावा. ती कापून जनावरांपुढे टाकू नये किंवा "आता काय उपयोग" म्हणून पाणीही एकदम तोडू नये.

शेवटचे दांडे टिकवण्यासाठी

- परतीच्या पावसात वाऱ्याने दांडे आडवे होतात. बुंध्याला मातीची भर द्यावी. उंच दांड्यांना बांबूच्या काडीचा आधार देऊन सुतळीने सैल बांधावे.
- निफाडसारख्या भारी काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. चर काढून पाणी बाहेर काढावे. पाणी साचल्यास बुंधा व कंद कुजतात.
- पाऊस उघडल्यावर वाफसा पाहून पाणी द्यावे. दांडा बाहेर पडत असताना ताण बसला तर दांडा आखूड राहतो आणि कळ्या कमी येतात.
- कळ्या वेड्यावाकड्या होऊन पाकळ्यांच्या कडा तपकिरी दिसल्यास फुलकिडे तपासावेत. दांडा पांढऱ्या कागदावर झटकला की बारीक किडी दिसतात. घरच्या चार-सहा झाडांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्काची फवारणी पुरेशी ठरते.

फुले कशी काढावीत

दांड्यावरील फुले खालून वर क्रमाने उमलतात. फुलदाणीत ठेवायचा दांडा खालची एक-दोन फुले उमलताच, सकाळी लवकर किंवा सायंकाळी काढावा. दांडा बुंध्याजवळून कापावा, मात्र पानांना धक्का लागू देऊ नये. घरात रोज पाणी बदलावे, दांड्याचे टोक थोडे कापावे आणि सुकलेली फुले काढून टाकावीत. असे केल्यास वरच्या कळ्याही काही दिवस उमलत राहतात. सायंकाळनंतर सुगंध वाढतो, म्हणून फुलदाणी बसण्याच्या खोलीत किंवा ओट्यावर ठेवावी.

हार आणि पूजेसाठी सुटी फुले हवी असल्यास उमलण्याच्या बेतातील टपोऱ्या कळ्या पहाटे तोडाव्यात. थंडी वाढली की टोकाकडील कळ्या अनेकदा उमलत नाहीत. असा दांडा झाडावर राखून उपयोग नाही. तो कापल्यास झाडाचे अन्न कंदाकडे वळते.

दिवाळीनंतरची कामे

1. शेवटचे दांडे निघत असतानाच प्रत्येक ठोंबाला दोन-तीन मुठी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळून द्यावे. उशिरा युरिया देऊ नये.
2. चुलीची राख घालणे टाळावे. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत. राखेमुळे त्यांचा सामू आणखी वाढतो आणि पाने पिवळी पडतात.
3. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसरात काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली जातो. या काळात वाढ थांबते. पात पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे.
4. लागवडीला दोन-तीन वर्षे झाली असल्यास पात सुकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये ठोंब खणून काढावा. माती झाडून कंद सुटे करावेत आणि सावलीत, हवेशीर जागी पसरून चार ते सहा आठवडे ठेवावेत. अधूनमधून हलवून कुजलेले कंद बाजूला काढावेत.
5. एप्रिल-मे महिन्यात जाड, टणक कंद नव्या जागी 20 ते 30 सें.मी. अंतरावर, 5 ते 7 सें.मी. खोल लावावेत. लहान पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवावीत. जागा निदान सहा तास उन्हाची असावी. 12 इंची कुंडीत तीन कंद पुरेत.

मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव समजावा. ते कंद बेण्यासाठी ठेवू नयेत आणि त्या जागी एक हंगाम झेंडू घ्यावा.

जातीची निवड

हार व पूजेसाठी एकेरी फुलांच्या जाती घ्याव्यात : महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी, तसेच बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल. प्रज्वलच्या कळ्यांवर फिकट गुलाबी छटा असते. शृंगार ही जात गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना सहनशील आहे. फुलदाणीसाठी त्याच संस्थेच्या सुवासिनी (दुहेरी) आणि वैभव (निमदुहेरी) या जाती चांगल्या आहेत.

कृषी सहायकांसाठी

"फूल येत नाही" अशी तक्रार आल्यास लगेच खत सुचवू नये. आधी लागवडीचे वर्ष विचारावे आणि एक ठोंब उकरून पाहावा. वीतभर जागेत बारीक कंदांची दाटी दिसली, तर खताची मात्रा वाढवून फरक पडणार नाही. विरळणी करून पुन्हा लागवड करणे हाच उपाय आहे. उरलेले निरोगी कंद शेजाऱ्यांना वाटता येतात, त्यामुळे घरच्या बागेसाठी दरवर्षी बेणे विकत घेण्याची गरज राहत नाही.