बायबल कुठून वाचावे?

बायबल हा एक ग्रंथ नव्हे. प्रोटेस्टंट परंपरेत 66 ग्रंथ, कॅथलिकांत 73. त्यांचा छापील क्रम लेखनकाळाचा नाही. चार शुभवर्तमानांत मार्कचे सर्वांत जुने असे बहुतेक अभ्यासक मानतात. छापतात मात्र दुसरे. पौलाची पत्रे त्याहूनही जुनी, ती मागे टाकलेली. आमोस हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला मेंढपाळ. गरिबाला जोड्याच्या मोलाने विकणाऱ्यांवर तो कडाडला; पण जुन्या करारात त्याला जागा मिळाली ती पार शेवटाकडे.

मराठीत आणखी एक क्रम आला, तो छापखान्याचा. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूरहून 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले, 1811 साली नवा करार. म्हणजे छापील बायबलचे जे पहिले पान मराठी वाचकापुढे आले, ते वंशावळीचे! ज्याला आज्यापलीकडचे नाव सांगता येत नाही, त्याने तिथेच पुस्तक मिटले तर नवल काय?

आणि उत्पत्तीपासून सुरुवात केली तर? त्यातला धोका बाबासाहेबांनी दाखवून ठेवला आहे. धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवरील त्यांच्या लेखातला मुद्दा असा की, माणसाचे पतन त्याच्या मूळ पापाने झाले हे अस्पृश्याच्या मनावर बिंबवले, की आपल्या दुःखाचे कारण तो समाजव्यवस्थेत शोधीत नाही, स्वतःच्या पापात शोधतो. आपल्याकडे कर्मविपाकाने दुसरे काय केले?

1807 साली, कॅरीच्या मत्तयानंतर दोनच वर्षांनी, लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी ‘निवडक’ बायबल छापले गेले. त्यात निर्गमातली सुटकेची कथा गाळली होती. मोशे गुलामांना घेऊन मिसरबाहेर पडतो, तेवढेच नेमके नाही. कोणते पान कोणाच्या हाती पडू द्यायचे नाही, हे मालकांना चांगले कळत होते.

अर्धापूरच्या आमच्या अभ्यासमंडळाला बाबासाहेबांचा हा युक्तिवाद मुळातून तपासायचा आहे. त्यांच्यासाठी मी क्रम लावला तो निर्गमापासून. राजा विटांसाठी लागणारा पेंढा बंद करतो आणि विटा मात्र तेवढ्याच मागतो. वीटभट्टीवर उचल घेऊन राबलेल्यांच्या पोरांना यावर टीकाग्रंथ लागत नाही. मग आमोस, मग मार्क, मग याकोबाचे पत्र. त्यात सोन्याच्या अंगठीवाल्याला सभेत मानाची जागा आणि फाटक्याला पायाशी बसवणाऱ्यांची हजेरी घेतली आहे. त्यानंतर फिलेमोनला लिहिलेले जेमतेम पानभर पत्र. पौल अनेसिम या गुलामाला मालकाकडे परत धाडतो. त्याला गुलाम नव्हे, भाऊ मान, असे लिहितो, पण धाडतोच.

हे पत्र वगळावे, अशी सूचना मंडळात आली. मी ती मानली नाही. वगळण्याचा धंदा लंडनवाल्यांनी केला. आपण क्रम बदलतो आहोत, पाने फाडीत नाही. उत्पत्ती शेवटी ठेवली आहे. ती वाचताना बाबासाहेबांचा लेख शेजारी उघडा राहील.