मीठ, तारली आणि निकल्सन

सहकारी पतपेढीत पंचवीस वर्षं हिशेब लिहिता लिहिता मला सहकाराच्या इतिहासाचा नाद लागला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याची मुळं शोधताना मद्रासचे सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांचे १८९५ आणि १८९७ चे अहवाल हाती आले. ग्रामीण पतपुरवठ्यासाठी जर्मनीतल्या रायफायझेनच्या पतसंस्थांकडे बोट दाखवणारे हेच गृहस्थ १९०५ पासून मद्रास इलाख्यातल्या मासेमारीचा अभ्यास करू लागले आणि पुढे त्या खात्याचे मानद संचालक झाले. त्यांच्या मागोमाग मीही मासळीकडे वळलो.

त्याआधी मासळी सरकारदरबारी पोचली ती मिठाच्या वाटेनं. मिठावर कर जबर, त्यामुळे मासळी खारवणं मच्छीमारांना परवडेना. फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालात या प्रश्नाकडे लक्ष वेधलं. पुढे किनाऱ्यावर कुंपण घातलेली खारवणीची आवारं निघाली. आपल्या रत्नागिरीकडेही होती. मासळी तिथं आणायची, सवलतीचं मीठ तिथंच वापरायचं, बाहेर न्यायचं नाही. देखरेख मीठ खात्याची. सोय खरी, पण त्या नियमांत मच्छीमार हा आधी संशयित असतो आणि मग गिऱ्हाईक.

निकल्सन शिकायला गेले ते जपानला. वाफेच्या मोठ्या ट्रॉलरांपेक्षा लहान होड्यांवर जगणाऱ्या माणसांचा देश त्यांना जवळचा वाटला. १९०७ चं त्यांचं जपानवरचं टिपण त्यातूनच आलं. मलबारात तारलीचा लोंढा आला की उरलेली मासळी किनाऱ्यावरच वाळत पडे आणि खतात वाळू मिसळे. त्यांनी दाखवलेली रीत साधी होती : मासळी उकळायची, दाबयंत्रात पिळायची, तेल वेगळं काढायचं आणि चोथा वाळवून खत करायचं. कढई आणि दाबयंत्र एवढ्यावर काम सुरू होई, म्हणून किनाऱ्यावर खाजगी कारखाने भराभर निघाले. निकल्सन यांचा सूरही अधूनमधून हेडमास्तरांचा लागतो, हे सांगायला हवं. पण आहे तो धंदा मोडून नवा उभारण्याची घाई त्यांना नव्हती.

ती घाई स्वातंत्र्यानंतर झाली. १९५२ च्या करारानं कोल्लमजवळ भारत-नॉर्वे प्रकल्प आला तो लहान मच्छीमारांसाठी. पुढे कोळंबीला परदेशी भाव मिळाला आणि पैसा ट्रॉलरांत गेला. १९८८ मध्ये केरळ सरकारनं पावसाळी ट्रॉलिंगवर बंदी घातली. त्यासाठी पारंपरिक मच्छीमारांना आधी अनेक वर्षं रस्त्यावर उतरावं लागलं होतं.