कीर्तिमंदिरात कोण बसतो?

बडोद्याला गेलेल्या गोमंतकीयांनी तिथले कीर्तिमंदिर पाहिले असेलच. सयाजीराव गायकवाडांनी आपल्या घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ साली बांधलेली ही वास्तू. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी चित्रे काढली. कीर्तीला घर बांधून द्यायचे, तिला छप्पर आणि भिंती द्यायच्या, ही कल्पना राजेरजवाड्यांना नेहमीच आवडत आली आहे. योगायोग असा, की त्याच १९३६ साली अमेरिकेत काही पत्रकार मतपत्रिका भरत होते. बेसबॉल खेळणाऱ्यांपैकी अमर कोण, हे त्यांना ठरवायचे होते. अमरत्वासाठी मतदान! आपल्याकडे ही गोष्ट चित्रगुप्तावर सोपवलेली असते.

इंग्रजीत ज्याला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात त्याचे मूळ युरोपात सापडते. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने रेगेन्सबर्गजवळ डॅन्यूबच्या काठी ग्रीक देवळासारखी एक इमारत बांधून १८४२ साली ती खुली केली. नाव ठेवले वाल्हाला, म्हणजे नॉर्स पुराणांत रणात पडलेल्या वीरांना जिथे जागा मिळते ते दालन. आत जर्मन भाषिक थोरांचे अर्धपुतळे. ज्यांचा चेहरा कसा होता हे कुणालाच माहीत नाही, त्यांच्या नुसत्या पाट्या. हाइने या कवीने या वास्तूची यथेच्छ टिंगल केली होती. २०१० साली त्याचाही पुतळा तिथे नेऊन ठेवला. टिंगल करणाऱ्याला आत घेण्याइतका दुसरा सूड नाही. अमेरिकेने १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात थोर अमेरिकनांसाठी असेच दालन उभारले. एके काळी त्याच्या निवडीची वर्तमानपत्रांत केवढी चर्चा व्हायची! १९७६ नंतर तिथे निवडणूकच झालेली नाही. ली आणि जॅक्सन या दोन बंडखोर सेनापतींचे पुतळे २०१७ साली काढून टाकले तेव्हा कित्येकांना कळले, की असे काही दालन अजून आहे.

थोर राष्ट्रपुरुषांचे दालन ओस पडले आणि चेंडूफळी खेळणाऱ्यांचे मात्र गजबजले. हे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा पाया एका निखळ थापेवर घातलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेसबॉल अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ झाला होता. पण हेन्री चॅडविक नावाचा इंग्लंडात जन्मलेला क्रीडापत्रकार सांगत राहिला, की हा खेळ इंग्रज मुलांच्या 'राउंडर्स'मधून निघाला आहे. हे खेळाचे साहित्य विकणाऱ्या अल्बर्ट स्पॉल्डिंगला सहन होईना. त्याच्या पुढाकाराने १९०५ साली एक समिती नेमली गेली. तिला अॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध इंजिनिअरचे पत्र मिळाले : न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी १८३९ च्या सुमारास अॅबनर डबलडे याने हा खेळ शोधून काढला. झाले! १९०७ च्या डिसेंबरअखेर समितीने हाच निष्कर्ष लिहून टाकला. १८३९ साली ग्रेव्ह्जचे वय पाच वर्षे होते. डबलडे तेव्हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पुढे तो यादवी युद्धात सेनापती म्हणून गाजला, १८९३ साली वारला, आणि बेसबॉल आपण शोधला असे हयातभर कधी म्हणाला नाही. पण सेनापतीने लावलेला शोध, तोही एका हिरव्यागार खेड्यात, याहून सोयीची कथा कुठली? आपल्याकडच्या स्थळपुराणांची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटायचे कारण नाही. कुठल्या तरी दगडावर पावलाची खूण असते, आणि गाव तिच्याभोवती वाढत जाते.

कूपर्सटाउनही तसेच वाढले. तीसच्या दशकातल्या महामंदीत गावाची दैना झालेली. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीतून गडगंज झालेल्या घराण्यातले स्टीफन क्लार्क तिथे राहत. जवळच्या खेड्यातल्या एका माळ्यावर जुन्या पेटीत एक फाटका चेंडू सापडला. तो क्लार्कनी पाच डॉलरना विकत घेतला, आणि 'डबलडेचा चेंडू' म्हणून तो मिरवू लागला. त्यातून वस्तुसंग्रहालयाची कल्पना निघाली आणि संग्रहालयातून कीर्तिमंदिराची. १९३६ च्या पहिल्या मतदानात पाच जण निवडून आले : टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्ती मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. २२६ पैकी कॉबला २२२ मते, रूथला २१५. म्हणजे बेब रूथ अमर नाही असे वाटणारी ११ माणसे अमेरिकेत होती! १२ जून १९३९ रोजी, त्या काल्पनिक शोधाच्या शताब्दीला, इमारत उघडली.

यातली खरी गंमत पुढे आहे. खेळ इंग्रजी आहे असे म्हणणारा चॅडविक १९३८ साली या कीर्तिमंदिरात गेला. डबलडे आजवर गेलेला नाही. त्याच्या नावाचे मैदान गावात आहे, आत मात्र त्याची पाटी नाही. देऊळ ज्याच्या नावाने बांधले तोच देव गाभाऱ्याबाहेर!

थापेवर उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढे खरेपणाची फार कडक परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ७५ टक्के मते पाहिजेत. सट्ट्यापायी बाहेर काढलेला पीट रोझ जन्मभर दारात उभा राहिला. ३० सप्टेंबर २०२४ ला तो गेला आणि मे २०२५ मध्ये त्याचे नाव अपात्रांच्या यादीतून काढले गेले. आणि कृष्णवर्णीय? १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत विसाव्या शतकातल्या मोठ्या संघांत त्यांना प्रवेशच नव्हता, ते आपल्या वेगळ्या संघांत खेळत. जॉश गिब्सन हा त्यांतला महान फलंदाज. तो जानेवारी १९४७ मध्ये वारला, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीनच महिने आधी. १९७१ साली सॅचेल पेज याला घ्यायचे ठरले तेव्हा प्रथम त्या लोकांसाठी निराळे दालन करण्याचा घाट घातला होता. ओरड झाली, मग त्याला सरळ आत घेतले. पुढच्या वर्षी गिब्सनही गेला. मे २०२४ मध्ये या वेगळ्या संघांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले गेले आणि कारकिर्दीच्या सरासरीत कॉबचे .३६७ मागे पडून गिब्सनचे .३७२ वर आले. पंचाहत्तरेक वर्षांपूर्वी मेलेला माणूस पहिल्या मतदानातल्या पहिल्या मानकऱ्याच्या पुढे गेला.

खेळाडूंची ही गोष्ट. संगीताकडे वळले की काल्पनिक माणसांची गर्दी आणखी वाढते. मधल्या वाटेवर एक महाशय उभे आहेत, ते खेळाडूही आणि वादकही. १ एप्रिल १९८५ च्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये जॉर्ज प्लिम्प्टन यांनी सिड फिंच या नव्या बेसबॉलपटूवर लेख लिहिला. तिबेटात योग शिकलेला, एका पायात बूट आणि दुसरा पाय अनवाणी ठेवून ताशी १६८ मैल वेगाने चेंडू टाकणारा, फ्रेंच हॉर्न वाजवणारा. कित्येकांनी विश्वास ठेवला. लेखाची तारीख फार थोड्यांनी पाहिली.

विद्वानही यातून सुटले नाहीत. संगीतातले खरे कीर्तिमंदिर म्हणजे ग्रोव्हचा कोश. १९८० साली त्याची वीस खंडांची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात डाग हेन्रिक एस्रुम-हेलेरुप या डॅनिश संगीतकारावर आणि गुग्लिएल्मो बाल्दिनी या इटालियनावर रीतसर नोंदी होत्या. दोघेही कधी जन्मलेच नव्हते. एस्रुम आणि हेलेरुप ही डेन्मार्कमधल्या दोन ठिकाणांची नावे. नोंदी पुढे काढल्या; पण काढल्यामुळेच त्या दोघांचे नाव झाले. त्या वीस खंडांतल्या किती खऱ्या संगीतकारांना इतकी प्रसिद्धी मिळाली असेल?

लोकांना तर हा भेद लागतच नाही. १९५८ साली रॉस बगदासारियन या अमेरिकन संगीतकाराने फीत कमी वेगाने मुद्रित करून जास्त वेगाने वाजवली आणि तीन चिपमंक खारी गाऊ लागल्या. १९५९ च्या पहिल्याच ग्रॅमी समारंभात त्या गाण्याला तीन पारितोषिके मिळाली. १९६९ साली आर्चीज या व्यंगचित्रांतल्या वाद्यवृंदाचे गाणे अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गळा रॉन डान्टी यांचा, नाव चित्रातल्या पोरांचे. क्लीव्हलंडचे रॉक संगीताचे कीर्तिमंदिर अशांना दार उघडत नाही. तिथली पहिली निवड १९८६ सालची, चक बेरी, एल्विस प्रेस्ली, रे चार्ल्स असे दहा मानकरी, आणि कलाकारांत एकही बाई नाही. अॅरेथा फ्रँकलिन पुढच्या वर्षी आली. चित्रातल्या पोरांना प्रवेश नाही हे समजू शकते. पण हाडामांसाच्या बायकाही पहिल्या पंगतीला दिसल्या नाहीत, याला काय म्हणावे?

आपण हसायचे कारण नाही. तानसेनाची कबर ग्वाल्हेरला आहे, तिथे दरवर्षी संगीत समारोह होतो. पण लोकांच्या मनात तानसेनाला हरवणारा बैजू बावरा बसलेला आहे, आणि तो इतिहासातला किती नि दंतकथेतला किती, हे सांगणे कठीण. १९५२ च्या चित्रपटात बैजू जिंकतो. ती जुगलबंदी प्रत्यक्षात गायली द. वि. पलुसकर आणि अमीर खाँ यांनी. दोन खऱ्या थोर गवयांनी एका दंतकथेसाठी आपले गळे उसने दिले.

आणि 'कट्यार काळजात घुसली'? पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. संगीत आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. विश्रामपूर नावाचे संस्थान नकाशात नाही. आफताब हुसेन बरेलीवाले नावाचे खाँसाहेब आणि पंडित भानुशंकर कुठल्याही दरबारात नव्हते. तरी गोव्यात जत्रेच्या रात्री नाट्यपदे रंगली, की खाँसाहेबांविषयी आपण ओळखीच्या माणसासारखे बोलतो. वसंतराव देशपांड्यांनी त्यांना गळा दिला. २०१५ च्या चित्रपटात वसंतरावांचे नातू राहुल यांनी तो पुढे चालवला. काल्पनिक गवयाचेही घराणे चालते, हे यातून कळते!

मला आक्षेप खाँसाहेबांवर नाही. आक्षेप आहे आपल्या स्मरणशक्तीवर. ज्या कलावंत समाजातल्या बायकांनी गोमंतकाच्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या गाणे जिवंत ठेवले, त्यांतल्या बहुतेकींची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ज्या थोड्या वर आल्या त्या गाव सोडूनच. केरीच्या केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे तपश्चर्या करून सूरश्री झाल्या. १९७७ साली व्हॉएजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी ध्वनिमुद्रिका आकाशात गेली, तिच्यात संगीताच्या २७ तुकड्यांपैकी एक केसरबाईंची भैरवी. तिच्यातच चक बेरीचे गाणेही आहे, म्हणजे क्लीव्हलंडचा पहिल्या वर्षाचा मानकरी आणि केरीची गायिका एकाच तबकडीवर. व्हॉएजर १ निघाले ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. २०१२ पासून ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. याहून दूरचे कीर्तिमंदिर माणसाने बांधलेले नाही, आणि तिथे जाण्यासाठी केसरबाईंना कुणाची मते मागावी लागली नाहीत.

खेळातही आमचा एक माणूस आहे. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत ६४२ धावा, किंग्स्टनला २१२. त्याच मालिकेत ७७४ धावा करणारे सुनील गावसकर २००९ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कीर्तिदालन सुरू केले तेव्हाच आत गेले. सरदेसाई नाहीत. संपूर्ण कारकीर्द पाहता कदाचित बसतही नसतील. पण त्या एका दौऱ्याचे काय?

मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा घरांची जोती उघडी पडतात, जुने कुर्डीकर आपापल्या देवाला यायला निघतात, सोमेश्वरापुढे दिवे लागतात. कुणी तरी बोट दाखवून सांगते, मोगूबाईंचे घर इथे होते. जूनमध्ये पाऊस लागला, की ते जोतेही परत पाण्यात जाते.