शुक्रवारची शिल्लक

विकसनशील देश आपलं चलनविषयक धोरण कसं निवडतात, हे पाठ्यपुस्तकात सोपं दिसतं. विनिमय दर धरा, पैशाचा पुरवठा धरा, नाहीतर महागाईचा दर धरा. भारताचा इतिहास पाहिला की मला त्याआधीचा प्रश्न मोठा वाटतो: सरकारने पैसे मागितले तर रिझर्व्ह बँक ‘नाही’ म्हणू शकते का?

1955 साली सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. शुक्रवारी सरकारची शिल्लक 50 कोटी रुपयांच्या खाली गेली, की बँकेने 91 दिवसांच्या तदर्थ ट्रेझरी बिलांवर आपोआप पैसे द्यायचे. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर! सोय तात्पुरत्या चणचणीसाठी होती. पण मुदत संपली की जुन्या बिलाच्या जागी नवं बिल यायचं. त्यात 1974 पासून व्याज 4.6 टक्क्यांवरच थांबलेलं. इतकं स्वस्त कर्ज कोण सोडेल?

1985 मध्ये सुखमय चक्रवर्ती समितीने सुचवलं, की पैशाच्या पुरवठ्याचं लक्ष्य ठरवा. बँकेने ते स्वीकारलंही. पण नळ सरकारच्या हातात आणि बादलीवर खूण करायची बँकेने! मग वाढलेला पैसा आवरायला बँकांच्या ठेवीच अडकवाव्या लागल्या. नव्वदीच्या सुरुवातीला रोख राखीव 15 टक्के आणि सरकारी रोखे वगैरे 38.5 टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त ठेवी नियमानेच अडकलेल्या. छोट्या कारखानदाराला कर्ज मिळायचं ते उरलेल्यातून.

सप्टेंबर 1994 मध्ये गव्हर्नर सी. रंगराजन आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या काळात करार झाला. गंमत बघा, सिंगही माजी गव्हर्नरच! त्या वर्षअखेर या बिलांतली निव्वळ वाढ 6,000 कोटींच्या आत ठेवायची आणि तीन वर्षांत बिलं बंद करायची, असं ठरलं. 1 एप्रिल 1997 पासून ती बंद झाली. त्यांच्या जागी मर्यादा घातलेली अल्पमुदतीची उचल आली.

चर्चा होते ती 2016 च्या कायद्याची: महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्य, सहा जणांची समिती. माझ्या मते 1997 शिवाय ते कागदावरच राहिलं असतं. 2022 मध्ये सलग तीन तिमाही महागाई 6 टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेला त्याची कारणं सरकारला लिहून द्यावी लागली.