प्रभावळकर, दिलीप

प्रभावळकर, दिलीप : (४ ऑगस्ट १९४४). मराठी अभिनेते, विनोदी लेखक व नाटककार. जन्म मुंबईत. शिक्षण विज्ञान शाखेचे आणि सुरुवातीची नोकरी औषध कंपनीतली. रंगभूमी, दूरचित्रवाणी, चित्रपट, वृत्तपत्रीय सदरे आणि बालसाहित्य या सगळ्यांत त्यांनी काम केले असले, तरी मराठी घरांत त्यांचे नाव पोचवले ते मुख्यतः छोट्या पडद्यावरच्या दोन भूमिकांनी: मुंबई दूरदर्शनवरचा चिमणराव आणि सुमारे पाव शतकानंतर आलेले आबा टिपरे. पहिली व्यक्तिरेखा दुसऱ्या लेखकाची होती; दुसरी त्यांनी स्वतःच आधी कागदावर उभी केली होती. नट म्हणून ते जितके परिचित आहेत, तितके लेखक म्हणून वाचले गेलेले नाहीत. ही उणीव मोठी आहे, कारण त्यांच्या अभिनयाचे मूळ त्यांच्या लेखकाच्या नजरेत आहे.

रंगभूमीवरचे त्यांचे आरंभीचे काम प्रायोगिक नाटकांत आणि बालनाट्यांत झाले. विजय तेंडुलकर यांचे ‘लोभ नसावा ही विनंती’ हे त्यांच्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एक. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी केलेली चेटकीण त्या काळातल्या मुलांच्या आजही स्मरणात आहे. मतकरींच्याच ‘आरण्यक’मध्ये त्यांनी विदुर साकारला. विशेष असे, की २०१८ च्या सुमारास हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा विदुराची भूमिका त्यांनीच केली आणि धृतराष्ट्र रवी पटवर्धन यांनीच. तरुणपणी केलेल्या वृद्धांच्या भूमिका दोघांनी खऱ्याखुऱ्या उतारवयात पुन्हा केल्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी, मोजक्या घरांत संच आणि त्या संचासमोर शेजारपाजाऱ्यांची गर्दी, असे ते दिवस होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका आली. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणारे विद्वान. त्यांनी निर्माण केलेली चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी वाचकांच्या ओळखीची होती. चित्रपटात दामूअण्णा मालवणकर यांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोग यांचा गुंड्याभाऊही होऊन गेला होता. म्हणजे नव्या नटाला कोरी पाटी मिळालेली नव्हती.

चिमणरावाच्या कथांत खरी अडचण आणखी वेगळी आहे. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. विनोद घडणाऱ्या प्रसंगात असतो त्यापेक्षा सांगणाऱ्याच्या भाबड्या, जरा आढ्यतेच्या सुरात जास्त असतो. पडद्यावर निवेदक उरत नाही, नुसता प्रसंग उरतो. प्रभावळकरांनी तो सूर देहबोलीत आणि आवाजात उतरवला. हा भित्रा, घरात रुबाब करू पाहणारा, बाहेर मात्र चटकन नमणारा मध्यमवर्गीय गृहस्थ मनातल्या मनात आपली गोष्ट फार वेगळी रचतो आहे, हे प्रेक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरून कळत असे. बाळ कर्वे यांचा धिप्पाड, रोखठोक गुंड्याभाऊ शेजारी असल्यामुळे हा भित्रेपणा अधिकच उठून दिसे. चिमणरावाला त्यांनी विदूषक होऊ दिले नाही, हे या भूमिकेचे मोठेपण. तो हास्यास्पद ठरतो, पण तुच्छ ठरत नाही.

यानंतर मराठी नाटकात त्यांच्या वाट्याला विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही प्रकारच्या भूमिका आल्या. ‘वासूची सासू’मध्ये ते स्त्रीवेषात हसवत होते, जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलाच्या बापाची घुसमट मांडत होते. पुढे स्मिता तळवलकर यांची निर्मिती आणि संजय सूरकर यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात त्यांनी मतिमंद नंदूची भूमिका केली. एकाच प्रश्नाकडे आधी बापाच्या आणि नंतर मुलाच्या बाजूने पाहण्याची संधी फार थोड्या नटांना मिळते. ‘एक हट्टी मुलगी’ आणि ‘जावई माझा भला’ ही त्यांची आणखी काही नाटके. ‘साळसूद’ या मालिकेत ते खलनायक होते. ‘झपाटलेला’ (१९९३) या महेश कोठारे यांच्या चित्रपटातला तात्या विंचू तर मुलांच्या भीतीचा आणि लाडाचा एकाच वेळी विषय झाला. त्यातला बाहुला रामदास पाध्ये यांचा. बाहुल्यात शिरणारा गुंड आणि त्याचा आवाज प्रभावळकरांचा.

‘हसवाफसवी’ (१९९१) हे त्यांनी लिहिलेले नाटक नट आणि लेखक यांना एकत्र आणते. एकच नट सहा वेगवेगळ्या व्यक्ती म्हणून रंगमंचावर येतो, अशी त्याची रचना. नाना पुंजे, बॉबी मॉड, प्रिन्स वांटुंग अशी मंडळी हसवून जातात आणि मग थकलेले संगीत नट कृष्णराव हेरंबकर येतात. येथे प्रेक्षागृहातले हसू मंदावते. वेषांतराची करामत म्हणून या नाटकाचे कौतुक पुष्कळ झाले. पण कपडे, विग आणि आवाज बदलणे हा त्यातला सोपा भाग आहे. प्रत्येक व्यक्तीला तिची स्वतंत्र वाक्यरचना, तिचे आवडते शब्द आणि तिचा अभिमान देणे हे लेखकाचे काम, आणि ते आधी झाले होते. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी हे नाटक केले आणि ते पुन्हा चालले. दुसऱ्या नटाच्या अंगावरही ते उभे राहते, ही संहितेच्या ताकदीची खूण आहे.

त्यांचे विनोदी लेखन ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’, ‘नवी गुगली’ अशा संग्रहांत आहे. मुलांसाठी त्यांनी ‘बोक्या सातबंडे’ हा उद्योगी शाळकरी मुलगा निर्माण केला. त्याच्या कथांची अनेक पुस्तके निघाली आणि २००९ मध्ये त्यावर चित्रपट आला. बोक्या खोड्या करतो, पण त्याच्या खोड्यांमागे कुणाची तरी अडचण सोडवण्याची धडपड असते. उपदेश मात्र नसतो. मराठी बालसाहित्यात ‘फास्टर फेणे’नंतर इतका जिवंत मुलगा क्वचितच आला.

‘अनुदिनी’ हे ‘लोकसत्ता’तील सदर या सगळ्या लेखनाचे मध्यवर्ती ठिकाण मानले पाहिजे. निवृत्त आजोबांची ही रोजनिशी. मुलगा, सून, नात, नातू आणि त्यांच्याबरोबर मुंबईच्या सदनिकेत राहणारे आबा दिवसभर जे पाहतात ते रात्री लिहून काढतात. त्यावरूनच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका अल्फा मराठी वाहिनीवर २००१ मध्ये सुरू झाली. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले, नात शलाका रेश्मा नाईक आणि नातू शिऱ्या विकास कदम.

ही मालिका आली तेव्हा हिंदी वाहिन्यांवर सासू-सुनांच्या कटकारस्थानांची लाट जोरात होती आणि मराठी वाहिन्याही त्याच वाटेने निघाल्या होत्या. टिपऱ्यांच्या घरात खलनायक नव्हता. नोकरी, परीक्षा, पैशांची ओढाताण, शिऱ्याचे नवे खूळ, सुनेची चिडचिड, एवढ्यावर भाग उभा राही. आबांना घरातल्या तरुणांची भाषा कळत नाही, पण ती शिकून घ्यायची त्यांना हौस आहे. त्यांना तक्रारखोर किंवा सर्वज्ञ म्हातारा करणे सोपे होते. लेखकाने ते टाळले. भागाच्या अखेरीस आबा रोजनिशी लिहायला बसत, तेव्हा दिवसभराच्या गडबडीला एका माणसाचा आवाज मिळे. चिमणरावाच्या बाबतीत पडद्याने जो निवेदक गमावला होता, तो टिपऱ्यांच्या घरात असा परत आला. या कामाच्या सुरुवातीला प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. प्रेक्षकांनी मात्र त्यांना घरचे आजोबा म्हणून तेव्हापासूनच स्वीकारले.

मालिका २००४ पर्यंत चालली. तिच्यानंतर कौटुंबिक विनोदी मालिका पुष्कळ आल्या, पण बहुतेकांत विनोद आरडाओरडीवर आणि विचित्र वेषांवर विसंबून राहिला. ‘टिपरे’चा धडा गिरवला गेला नाही, असेच म्हणावे लागते. स्वतः प्रभावळकर २०१७ मध्ये ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ या झी मराठीवरील मालिकेतून पुन्हा छोट्या पडद्यावर दिसले. या नावाचे नाटकही त्यांनीच लिहिले आहे.

हिंदी चित्रपटांतील त्यांच्या भूमिका संख्येने कमी आहेत. ‘एन्काउंटर : द किलिंग’ (२००२) मधला गुंड पुनप्पा आणि राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधले महात्मा गांधी ही त्यांची दोन टोके. गांधी साकारताना त्यांनी भव्यता बाजूला ठेवली. मुन्नाशी ते घरातल्या वडीलधाऱ्यासारखे, मिस्किलपणे बोलतात. आबा टिपरे पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तो स्वर ओळखीचा वाटला असेल. या भूमिकेसाठी आणि गजेंद्र अहिरे यांच्या ‘शेवरी’तील भूमिकेसाठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत ‘रात्र आरंभ’, ‘पछाडलेला’, ‘वळू’, ‘देऊळ’, ‘नारबाची वाडी’ हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट.

भूमिकांच्या जडणघडणीविषयी त्यांनी ‘एका खेळियाने’ हे पुस्तक लिहिले आहे. अभिनय शिकणाऱ्यांनी ते ‘अनुदिनी’च्या जोडीने वाचावे, म्हणजे नटाचे टिपण आणि लेखकाचे टिपण एकच कसे असते ते समजेल. पत्रांच्या रूपातला त्यांचा विनोद ‘पत्रापत्री’मध्ये आहे, विजय केंकरे यांच्यासह ते त्याचा रंगमंचीय प्रयोगही करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटात त्यांनी कोकणातील दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री याची मध्यवर्ती भूमिका केली. तेव्हा त्यांचे वय ८१ होते.