विशेष बालवाडीची वाट आणि आईबापांची तयारी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘चार ओळी लिहून द्या’ असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पोळपाट-लाटण्याच्या हाताला लेखणीची सवय नाही. परंतु माझ्या धाकट्या मुलापायी गेल्या काही वर्षांत जे वाचावे, विचारावे लागले, ते मंडळातील एखाद्या आईच्या उपयोगी पडेल, असे वाटून हे लिहीत आहे.

धाकटा तीन वर्षांचा झाला तरी दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नसे. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ म्हणून सासूबाईंनी धीर दिला. नवसही बोलून झाले. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या पथकाने मात्र चिठ्ठी लिहून दिली. जिल्ह्याच्या गावी जाऊन तपासण्या झाल्या, आणि कर्जतहून लोकलने जावे लागते अशा एका शहरातील विशेष बालवाडीत त्याचे नाव घातले. पहिल्या दिवशी ‘मामाकडे चाललो’ असे खोटे सांगून मी त्याला नेले आणि तो खेळण्याकडे वळला असे पाहून हळूच बाहेर पडले. पुढे पंधरा दिवस स्टेशन दिसले की तो रडे. चूक मुलाची नव्हती, शाळेची नव्हती, माझी होती. मुलाचे दप्तर मी भरले होते, पण त्याचे मन तयार केले नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

तेव्हापासून मनात आले, की अशा मुलांना शाळेचे दार प्रथम कोणी उघडले?

मूकबधिर मुलांची शाळा मुंबईत एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. दादरची अंध मुलांची शाळा मिस मिलर्ड यांनी 1900 साली काढली. परंतु ज्यांची बुद्धी मंद म्हणत, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. 1944 साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी 1964 साली ‘कामायनी’ काढली. 1972 साली मिठू अलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी केंद्र उघडले. त्यांच्या मुलीलाच तो विकार होता. पाहा भगिनींनो, यांतील दोन शाळा आईबापांच्या गरजेतून उभ्या राहिल्या. त्यांनी मूल झाकून ठेवले नाही, म्हणून पुढे हजारो मुलांची सोय झाली.

आणखी एक गोष्ट वाचून मला फार नवल वाटले. बालवाडीत मणी, ठोकळे, दट्ट्या, बटणे लावण्याच्या चौकटी असतात. त्यांचे मूळ मारिया माँटेसरी या इटलीतील डॉक्टरबाईंच्या कामात आहे. 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. परंतु त्याआधी त्या मंद समजल्या जाणाऱ्या मुलांना शिकवीत होत्या. इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी शोधलेल्या रीती त्यांनी अभ्यासल्या होत्या. म्हणजे जी रीत आज सर्व मुलांना उपयोगी पडते, ती आधी माझ्या धाकट्यासारख्या मुलांकडून जगाला मिळाली!

ही विद्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरच्या बालमंदिरात आणली. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आपल्या कर्जत-खालापुरातील ठाकूर-कातकरी वाड्यांना याचे मोल सांगावयास नको. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा धडा विशेष मुलांनाही तितकाच लागू आहे.

आता कायदा पाठीशी आहे. 1995 च्या कायद्यानंतर 2016 साली नवा कायदा झाला. त्यात 21 प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण मूल शिकते ते तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून! म्हणून सहा वर्षांची वाट पाहत बसू नये. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहूनच सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आले की मूल घरी लपवू नये.

माझी चूक सुधारली ती तिथल्या शिक्षिकाबाईंमुळे. त्यांनी सांगितले तसे मी केले. मुलाला सुटीच्या दिवशी नेऊन रिकामी शाळा दाखवली. बाक, नळ, संडास, सारे. रोज रात्री ‘आधी गाडी, मग शाळा, मग डबा, मग आई’ हा क्रम बोटांवर मोजून सांगितला. सोडून निघताना लपून न जाता ‘येते’ म्हणून सांगू लागले, आणि ठरल्या वेळी हजर राहिले. एका वहीत लिहून दिले, की त्याला तहान लागली की तो कानाला हात लावतो, मोठ्या भोंग्याला भितो, ताकभात आवडीने खातो. ही वही बाईंना औषधाच्या चिठ्ठीपेक्षा उपयोगी पडली. आणि यजमानांना एक दिवस रजा काढून वर्गात बसवले. तेव्हापासून ‘हा सुधारेल का?’ हा प्रश्न घरात थांबला आणि ‘आज काय शिकला?’ हा सुरू झाला.

आज तो स्वतःची चप्पल स्वतः घालतो, आणि पळसदरी आले की नाव सांगतो. फार नाही, पण आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला होता.

कर्जतला बोरघाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने जोडतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यासाठी गाडीला कोणी नावे ठेवत नाही. चढण आहे, म्हणून जोर लावायचा. आपल्या मंडळाने एवढे केले, की ज्या घरात असे मूल आहे त्या आईबरोबर पहिल्या दिवशी एकजण तरी शाळेच्या दारापर्यंत जाईल, तर या वर्धापनदिनाचे सार्थक झाले असे मी समजेन.